टेपबाईंचं उत्तर

गळ्यात टेप नाही अशा टेपबाई गल्लीत कुणी पाहिल्याच नव्हत्या. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी शिवणयंत्र मांडून त्यांनी चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले. हात कधी चुकला नाही आणि जीभ कधी थांबली नाही. गिऱ्हाइकाने "गळा जरा..." म्हणेपर्यंत या म्हणायच्या, "खोल नको, कळलं." समोरचीच्या मनातलं त्या आधीच बोलून टाकत आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे, हीच तर पंचाईत होती.

सून त्यांच्याकडे काज-बटण शिकायला आलेली मुलगी. "शिकायला आली आणि माझा पोरगा घेऊन गेली," असं टेपबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

"नेला कुठे आई? इथेच तर ठेवलाय," सून म्हणे. दोघींचं छान जमत होतं.

सुनेला दिवस गेले. पाचव्या महिन्यात एका सकाळी ती यंत्राजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, शौचाला रक्त पडलं."

"पुढून की मागून?"

"मागूनच."

"मग घाबरतेस काय! मूळव्याध ती. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मलाही झाली होती."

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही त्रास?" सुनेने तोंड उघडलं, पण टेपबाई कुठल्या थांबायला! "मूळव्याध आहे तिला. त्या लोहाच्या गोळ्यांनी खडा होतो, त्याचं रक्त. मी बघितलंय." त्यांनी काहीएक बघितलं नव्हतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बाहेर रांग लागलेली. डॉक्टरीणबाईंनी तोच शब्द कागदावर लिहिला आणि मलम दिलं. पोटात कळा येतात, हे सुनेचं सांगायचं राहूनच गेलं.

टेपबाई दर महिन्याला तिचा गाऊन कंबरेत सैल करत. नवं माप वहीत लिहिलं की जुनं रबराने पुसायचं, म्हणजे बेतताना घोटाळा नको, असा त्यांचा शिरस्ता. एकदा दंडाचं माप अर्ध्या इंचाने कमी भरलं. आपलंच मागचं चुकलं असेल म्हणून त्यांनी ते पुसलं. पुढच्या खेपेला आणखी कमी भरलं. "बाळ ओढून घेतंय सगळं," म्हणून त्यांनी बाह्या आवळल्या. पोट वाढतंय ना, मग झालं तर!

सातव्या महिन्यात एका दुपारी सून बटण लावता लावता पोट धरून वाकली. ती सावरल्यावर टेपबाईंनी तिच्या दंडाला टेप लावली. मग वही खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. पुसलेले आकडे कागदावर उमटून राहिले होते. साडेअकरा, अकरा. त्याखाली मागच्या खेपेचं सव्वादहा. आणि आज साडेनऊ. चाळीस वर्षं सुताभर न चुकलेला हात एकाच बाईच्या दंडावर तीनदा चुकेल?

वही घेऊनच त्या दवाखान्यात गेल्या. "मूळव्याध मी ठरवली होती, बाई. मी काही बघितलेलं नव्हतं. आता तिलाच विचारा." एवढं बोलून त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. आतून सुनेचा आवाज येत राहिला. अडीच महिन्यांचं तुंबलेलं बोलणं होतं ते. इतकं सलग बोलताना टेपबाईंनी तिला कधी ऐकलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथे दुर्बिणीने आतला तुकडा काढला. आठ दिवसांनी कळलं, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, आणि तो यकृतापर्यंत गेलेला.

"गरोदरपणात हा फार क्वचित होतो," तिथले सर्जन म्हणाले. "आणि त्रास दिवस असतानाच्या नेहमीच्या त्रासांसारखेच, म्हणून कळायला उशीर होतो."

"पाचव्यातच कळलं असतं तर?"

"ते आता सांगता येणार नाही, आजी." माणूस भला होता. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर टेपबाईंना जरा बरं वाटलं असतं.

आठव्या महिन्यात ऑपरेशन करून मुलगी काढली. ओंजळभर पोर, तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिली आणि जगली. सुनेचे उपचार वर्षभर चालले. त्या वर्षात टेपबाई एक गोष्ट शिकल्या. कुठे दुखतंय, कसं, कधीपासून, एवढं विचारायचं आणि तोंड मिटून ऐकायचं.

"आई, तुम्ही गप्प बसलात की मला भीतीच वाटते," सून हसून म्हणाली होती. तेव्हा ती अजून हसत होती.

शेवटच्या आठवड्यात नर्सने खाटेपाशी येऊन विचारलं, "कुठे दुखतंय?" मुलगा उत्तर द्यायला लागला, तसं टेपबाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं. सगळे थांबले. सुनेचे ओठ हलले, आवाज पुरेना. तिने सासूकडे पाहिलं. "आई... तुम्ही सांगा."

टेपबाई नर्सकडे वळल्या. "उजवीकडे, बरगडीखाली," त्या म्हणाल्या. "पहाटेपासून. आधी थांबून थांबून होतं, आता सलग आहे. कुशीवर वळलं की वाढतं. पाणी नको म्हणते, ओठ तेवढे ओले करा."

सुनेने मान हलवली. सगळं बरोबर होतं. त्यात टेपबाईंचा स्वतःचा एकही शब्द नव्हता.