ओढ्याचं बाळंतपण

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा झाल्यानं काय बदललं, ते आमच्या गल्लीला दोनच गोष्टींवरून कळलं. घरभाडी वाढली आणि भुयारी गटारीचं काम निघालं. पावसानं दोन वर्षं पाठ फिरवलेली, नळाला आठवड्यातून एकदा करंगळीएवढी धार, आणि सरकार सांडपाणी वाहून न्यायला पाईप आणतंय. प्यायलाच नाही तर सांडायचं काय, हे विचारायची सोय नव्हती, कारण त्या कामावरचा ओव्हरसियर माझ्याच हातचं जेवत होता.

हे पक्के नियमाचे. वरून हुकूम आलेला, की पाईपची लाईन जिथं ओढा ओलांडेल तिथं पात्रात माती टाकायची नाही, प्रवाह अडवायचा नाही, काठाला वाळूची पोती रचायची. गल्लीमागच्या ओढ्यात तेव्हा पोरं गोट्या खेळत. तरी ह्यांनी पोती रचली. "साहेब, ओढा पळून जाईल म्हून बांधून राहिले का?" असं लोक विचारायचे. मीही हसायचे, पण माझं हसणं फार टिकत नसे. मी ओली बाळंतीण होते आणि रोजचं पाणी मलाच आणावं लागत होतं.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण मुखेडकडं आमच्या गावची विहीर तळाला गेलेली, म्हणून आईच लातूरला आली. पोरीचं नाव ठेवायच्या आत तिकडं वडील आजारी पडले आणि आईला परतावं लागलं. हे पहाटेच कामावर जात. मग तान्ही पोर शेजारणीजवळ ठेवून मी लांबच्या हापशावर रांगेत उभी राहायचे. एक घागर मिळायची. त्यातलं ह्यांना, स्वयंपाकाला, पोरीच्या दुपट्यांना; उरलं तर मला. हळूहळू दूध आटलं. पोर छातीला लागायची, ओढायची आणि काही येत नाही म्हणून किंचाळायची. तो आवाज आठवला की मला अजून घाम फुटतो.

अशात ओढ्यात चर खणताना कुदळीखाली झरा लागला. पाणी गढूळ, पण निवळल्यावर गोड. अख्खी गल्ली घागरी घेऊन धावली. मात्र पाईप नेमका तिथूनच जायचा होता. तो बसवून माती लोटली की झरा बुजणार. हे कळल्यावर आमच्या घरमालकीण मावशी पदर खोचून पुढं आल्या. चार लेकरांची आई, शेतकऱ्याच्या घरची, बोलली की गल्ली ऐकणार. त्यांनी चराला हळदकुंकू वाहिलं, खणानारळानं ओटी भरली आणि जाहीर केलं, "धरतीमाय बाळंत झाली. आता सव्वा महिना तिला कुणी हात लावायचा न्हाई."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ह्यांच्या मुकादमानं खरंच कुदळ खाली ठेवली. "ओल्या बाळंतिणीवर पाईप कसा टाकावा, साहेब?" पाचव्या दिवशी चराची पाचवी पुजली. वारं लागू नये म्हणून वर जुन्या लुगड्यांचा पडदा बांधला. शेगडी पेटवून ओव्याची धुरी दिली. काठावर डिंकाचे लाडू ठेवले, ते मुकादमानं खाल्ले. धम्म घेतल्यापासून आमच्या घरानं पाचवी-सटवाई सोडली होती, पण डिंकाचे लाडू काही सोडले नव्हते. खड्ड्याला धुरी, खड्ड्याला लाडू, आणि मी हापशावर! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तरी लाज गुंडाळून ठेवून घागर घेऊन गेले. मावशींनी हात आडवा घातला.

"पोरी, एका बाळंतिणीनं दुसरीचं तोंड बघू न्हाई. दूध आटतंय."

"माझं आटलंयच की, मावशी."

"मग तिचं बी आटवतीस का?"

मी ह्यांना पाठवलं. हे रिकामी घागर घेऊन परत आले. बाळंतिणीच्या खोलीत परका गडी शिरतो का, म्हणून बायकांनी पडद्याबाहेरूनच हाकललं होतं. ज्यानं चर आखला त्यालाच चरात मनाई! बाळंतिणीच्या घरची घागर दुसऱ्या कुणाच्या हातूनही तिथं चालेना. शेजारीण बिचारी आपल्यातलं तांब्याभर लपवून द्यायची.

एका सकाळी पोर रडून रडून निळी पडली. मी तिला उचललं, ह्यांना मागं घेतलं आणि पडद्याच्या अलीकडं जाऊन उभी राहिले.

"मावशी, बाळंतिणीपाशी कोण जाऊ शकतं?"

"सुईण."

"मग हिला सोडवलं कुणी? ह्यांनी आखलं, ह्यांच्या माणसानं कुदळ मारली, तवा ही सुटली. सुईणीला दारात अडवता? तिचा मान बुडवता?"

सुईणीचा मान बुडवणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मावशींनी ह्यांच्या मिशांकडं बराच वेळ पाहिलं. "हाव," त्या शेवटी म्हणाल्या, "सुईणच की ही."

दोन घागरी भरल्या गेल्या. ह्यांच्या हातात हिरवा खण आणि नारळ आला, कपाळाला कुंकू लागलं. तेवढ्यात मोठ्या साहेबांची जीप आली. काम का थांबलं म्हणून ते तणतणतच उतरले आणि आपला ओव्हरसियर पाहून थबकले.

"हे काय?"

"सुईण हाय," मावशींनी सांगितलं.

"वर काय लिहू मी? बाळंतीण?"

ह्यांनी खण काखेत धरून तोच हुकूम तोंडपाठ म्हटला. "प्रवाह अडवायचा नाही, साहेब. आता प्रवाह आहे." साहेबांनी धुरी पाहिली, लुगडी पाहिली, घागरी घेतलेल्या बायका पाहिल्या. लाईन खालच्या अंगानं वळवा, असं सांगून ते जीपमध्ये बसले. पुढं ती वळवलीही, आणि तिची माती पोत्यांनी झऱ्यापासून रोखली.

घरी आल्यावर मी तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. मग दुसरा. हे बघत राहिले.

"तू पाणी पीत नव्हतीस?"

मला असा राग आला! पोरीला छातीशी धरून मी भिंतीकडं तोंड केलं. संध्याकाळी तिच्या गळ्यातून घोट उतरल्याचा आवाज आला. हे उंबऱ्यात बसून तो ऐकत होते आणि डोळे पुसत होते. त्याला आता कित्येक वर्षं झाली. अजून तांब्या उचलला की हे आधी मला विचारतात, "तू प्यालीस का?"