मामाजी स्वप्नात आले होते

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. तुम्हाला सांगते — का सांगते, ते मलाही नीट कळत नाही.

आमचं गाव मेडशीजवळ. काही वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीसोबत वाशीमला एक सिनेमा पाहिला. त्यात एक बाई दुसऱ्यांच्या स्वप्नांत शिरायची, आणि तिथे मेलेली माणसं तिच्याशी अगदी साधं बोलायची — जेवलीस का, म्हणून. परतताना एसटीत बहीण साड्यांबद्दल बोलत होती, माझं लक्षच नव्हतं. तेव्हापासून मला स्वप्नांचं वेड लागलं. सकाळी चहा देताना मी घरात प्रत्येकाला विचारायची, आज काय पाहिलं? नवरा हसायचा. सासूबाई — मी त्यांना आत्याबाई म्हणायची — मात्र मन लावून सांगायच्या. पुरात वाहत चाललेली म्हैस, माहेरची विहीर. माझीही स्वप्नं ऐकायच्या. आमचं दोघींचं जमायचं ते तेवढ्यापुरतंच. एरवी त्यांची जीभ — जाऊ द्या. ती सबब होईल.

माझी पल्लवी बारावी झाली. तिला अकोल्याला नर्सिंगला जायचं होतं. त्याच सुमारास रिसोडचं स्थळ आलं, आणि आत्याबाईंनी मनातल्या मनात लग्न लावूनही टाकलं. नवरा आईपुढे बोलत नाही. मी बोलले, भांडले, रडले. काही उपयोग झाला नाही.

मग एका सकाळी अंगणात तूर पाखडताना मी म्हणाले, "आत्याबाई, मामाजी आले होते सपनात."

मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. मला असलं काही स्वप्न पडलं नव्हतं. पण काय सुरेख रचलं होतं मी, सांगू? खांद्यावर दुपट्टा, भिंतीला हात टेकून चप्पल काढायची ती लकब, बशीत ओतलेला चहा. चहा संपवून म्हणाले — पोरीले शिकू द्या.

आत्याबाईंच्या हातातलं सूप थांबलं. दुपारपर्यंत रिसोडला नकाराचा फोन गेला होता.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. नाही. या खोट्याचा मला अभिमान आहे — आजही, हे लिहितानाही. पल्लवी नर्स झाली. पांढऱ्या कपड्यांत ती पहिल्यांदा घरी आली, तेव्हा गल्लीतल्या बाया बघायला जमल्या होत्या. उद्या गरज पडली तर तेच खोटं मी पुन्हा बोलेन, आणि आणखी चांगलं बोलेन.

मला सांगायचंय ते त्या सकाळचंच, पण पुढचं. सूप खाली ठेवून आत्याबाईंनी हळूच विचारलं होतं, "मह्यासाठी काई बोलले काय वं?"

सगळं स्वप्न माझ्याच हातात होतं. त्यात एक वाक्य घालायला काय लागत होतं? तब्येतीले जप म्हणाले — एवढंही पुरलं असतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्याकडे काही मागत होत्या.

"नाही," मी म्हणाले. "तुमचं त नावबी नाही काढलं."

का? भीती नव्हती, घाईही नव्हती. ते बोलताना मला बरं वाटलं — इतकं साधं आहे ते.

त्यानंतर त्यांनी स्वतःची स्वप्नं सांगणं सोडलं. फक्त विचारायच्या, "आले व्हते काय आज?" मी नुसती नाही म्हणून मान हलवायची. एकदा मी धुणं वाळत घालत होते, तर पाठीमागून म्हणाल्या, "तुह्याच सपनात काहून आले वं? मी काय बिघडवलं त्यायचं?"

मी चिमटे लावत राहिले.

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या. पल्लवीनं रजा काढून त्यांचं सगळं केलं. नातीचा हात धरून त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "इच्या आजोबानं शिकवलं इले." मला तेव्हाही राग यायचा — शिकवलं मी! — तेही सांगून टाकते.

शेवटच्या दुपारी त्या शुद्धीवर होत्या. जवळ मी एकटीच. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "मह्यासाठी काई बोलले काय वं?"

मी त्यांना चमच्यानं पाणी पाजलं, ओठ पुसले, आणि नाही म्हणाले.