हेल्मेटमधली ओळ

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींना हसणारी आहे. सांगलीत एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघते. अमावस्या म्हणून कुणी माल उचलायचा थांबला, की त्याची पहिली चेष्टा मीच करते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच गंमत वाटतेय… पण घडलंय ते घडलंय.

मला वेड एकच – इंडी गाणी. ज्यांना कुणी ओळखत नाही अशा पोरापोरींची. गच्चीवर रेकॉर्ड केलेलं, मध्येच खालच्या घरातल्या कुकरची शिट्टी आलेलं गाणं मला स्टुडिओतल्या गाण्याहून गोड लागतं. गुऱ्हाळात शूट केलेला एक व्हिडिओ तर मी इतक्या जणांना पाठवलाय, की मैत्रिणींनी मला म्यूट करून टाकलंय. करू देत!

याच नादात सागरशी दोस्ती झाली. खटावकडचा, शिरवळला एका कंपनीत नोकरी. त्याच्या बँडचं नाव 'अर्धा टँकर'. त्यांच्या गावाकडं उन्हाळ्यात जेवढं पाणी येतं तेवढंच नाव घेतलं, असं तो म्हणतो. त्याला नोकरी सोडून पूर्णवेळ गायचं होतं. घरी वडील – आर्मीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, शब्दाला पक्के. ते म्हणाले, "एकदा समोर बसून ऐकतो. पटलं तर सोड नोकरी. न्हाई पटलं तर गिटार माळ्यावर." सागरनं कबूल केलं. म्हणजे पोराचं सगळं भवितव्य एका दुपारवर आलं, आणि त्या दुपारची आयोजक कोण? मी.

जागा मिळाली माधवनगरला. एक जुनी पॉवरलूमची शेड, माग कधीच विकलेले, आता लग्नाचं सामान ठेवायला वापरतात. हिवाळ्यातला रविवार, छपरातून उन्हाच्या पट्ट्या येत होत्या. सतरंज्या अंथरल्या, पुढं खुर्च्यांची एक रांग. पोरंपोरी जमली. सुभेदारकाका मात्र अगदी मागं, दाराशी खुर्ची ओढून हाताची घडी घालून बसले. सागरचा चेहरा पांढराफटक.

आता आमच्या भागात कार्यक्रम म्हटला की आधी सत्कार. त्याशिवाय माईक तापत नाही. मी शेडच्या मालकांसाठी शाल-नारळ आणला होताच, पण ते म्हणाले, "आधी पुढं बसलेत त्या बाबांचा करा." बघते तर पहिल्या खुर्चीत एक म्हातारे बाबा. पांढरी टोपी, तपकिरी स्वेटर, पायात जाड वहाणा. मला वाटलं सागरचे कुणी असतील. सागरला वाटलं मालकांचे. मालकांना वाटलं साताऱ्याहून आलेले प्रमुख पाहुणे! पुढच्या खुर्चीत पांढरी टोपी दिसली की आमच्याकडे नाव विचारत नाहीत, शाल घालतात. मीही घातली. माईकवर "ज्यांना परिचयाची गरज नाही असे" वगैरेही बोलून घेतलं.

बाबा हसून एवढंच म्हणाले, "बास गं पोरी, पोरास्नी गाऊ दे."

पहिली गाणी बरी झाली. काकांची घडी काही सुटली नाही. शेवटी सागरनं नवं गाणं धरलं, कधीच कुठं न गायलेलं. वडिलांची सुट्टी संपून त्यांची ट्रंक दारात यायची त्या दिवसाचं.

"सुट्टी सरली, आईनं लावला पदर डोळ्यां जरासा…"

इथं गाणं थांबतं आणि नुसती गिटार वाजते. त्या मोकळ्या जागेत पहिल्या खुर्चीतून आवाज आला. खडा, सुरात, जराही न अडखळता –

"उठणारच न्हाई ट्रंकेवरनं, मग तू जाशील कसा?"

सागरचा हात तारांवरच थिजला. पोरांना वाटलं, हे ठरवूनच केलंय. त्यांनी टाळ्या वाजवत तीच ओळ उचलली, आणि सगळी शेड गायला लागली. मी मागं पाहिलं तर काकांची खुर्ची रिकामी.

गाणं संपलं आणि सागरनं मला कोपऱ्यात ओढलं. "शिल्पे, ती ओळ माझी हाय. पण मी ती गाळलीवती गं! बापाला तोंडावर असलं कोण म्हणतं? बँडमधल्या पोरांनापण म्हाईत न्हाई. गाडीवरनं येताना खंबाटकीच्या घाटात सुचली, हेल्मेटमधेच म्हटली, अन् तिथंच सोडून दिली."

आम्ही बाबांकडे वळलो. खुर्चीत कुणी नव्हतं. शाल नाही, नारळ नाही, बाबा नाहीत. दारातल्या पोरींनी त्यांना जाताना पाहिलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, पोरांनी काढलेल्या व्हिडिओत दिसले नसतील… तर दिसतात! पाठमोरे, टोपीसकट, आणि आवाज अगदी स्वच्छ. तो व्हिडिओ मी माधवनगरमध्ये घरोघर दाखवला, सागरनं गावात दाखवला. कुणीच ओळखत नाही. तसली ओळ कुणालाही सुचू शकते, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण शब्दन् शब्द तोच? चालही तीच? आणि भीती म्हणाल तर एवढीशीही वाटली नाही, उलट त्या बाबांना एकदा घट्ट मिठी मारावीशी वाटते.

कारण त्यानंतर आम्ही बाहेर गेलो. काका फाटकाशी पाठमोरे उभे होते. सागर जवळ जायला घाबरत होता, म्हणून मीच चहा घेऊन गेले. "काका, गाणं आवडलं नाही का?"

त्यांनी कप हातात घेतला. मग सागरकडं न बघताच म्हणाले, "तू ट्रंकेवर बसल्या बसल्या झोपलास. तुला उचलवंना रं मला. एस्टी हॉर्न मारून मारून गेली. सकाळच्या गाडीनं गेलो, ड्यूटीवर उशिरा पोचलो, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. तुला कवा सांगितलं न्हाई."

सागरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. माझ्याही. काकांनी चहाचा घोट घेतला, घसा साफ केला आणि एकदम सुभेदारी आवाजात विचारलं, "कंपनीत राजीनामा लिहून द्यावा लागतो, का तोंडी चालतो?"