पाला अंगी लागावा म्हणून

तापल्या लोखंडी कढईत, लसणाच्या फोडणीवर शेवग्याचा पाला पडला की आधी चर्र आवाज येतो आणि मागोमाग एक हिरवा, तुरट, मातकट गंध घरभर दरवळतो. आखातातल्या अल बर्शाच्या आमच्या बंदिस्त, वातानुकूलित इमारतीत तो दाराच्या फटीतून कॉरिडॉरमध्येही शिरतो. वासाला कुठला आलाय व्हिसा! त्याच वासाचा माग काढत एका शुक्रवारी आमा आमच्या दारात उभी राहिली.

मंदीचा तो पहिलाच हिवाळा. मरीनाकडच्या बांधकामांवरच्या क्रेन आकाशात थिजून उभ्या होत्या, रोज कुणी ना कुणी गाशा गुंडाळत होते आणि बॅगा तोलण्याचा माझा काटा मजल्यामजल्यावर फिरत होता. आमा आमची शेजारीण, घानाची; मॉलमधल्या एका दुकानात काउंटरवर होती.

"सिस्टर, ही पाने तर माझ्या आईच्या कुंपणाला आहेत!" ती सुनंदाला, माझ्या पत्नीला, म्हणाली.

तिच्यामागे तिची दुसरीतली मुलगी एफुआ भिंतीला टेकून उभी होती. पोर वर्गात पेंगायची, जिना चढताना धापा टाकायची. हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरांनी टॉनिक दिले होते. पण पुढच्या तपासणीत आकडा हलला नाही, तर मुलीला आजीकडे गावी पाठवायचे, असे आमाने ठरवले होते. दिवसभर दुकानात उभे राहणाऱ्या आईने मुलीचे खाणे बघावे तरी कसे?

"शाळेतून आली की आमच्याकडे येऊ दे. मी बघते," सुनंदा म्हणाली.

मग आमच्या घराला जणू व्रतच लागले. रोल्लाच्या भाजीबाजारातून पाला येऊ लागला, कढई शेगडीवरून उतरेना. पाल्याची भाजी, वर लिंबू, अळिवाचा लाडू, टॉनिक; आणि पोर पाहुणी, म्हणून शेवटी दुधाचा चहा आणि बिस्किटे. दोन महिन्यांनी रक्त तपासले. आठ!

आमा आमच्या सोफ्यावर बसून रडली. मी आकडे मानणारा माणूस. इतकी जमा होऊनही शिल्लक तेवढीच कशी, हे मला उमगेना. सुनंदा आमाबरोबर डॉक्टरांकडे गेली. केरळच्या त्या बाईंनी थेट एफुआलाच विचारले, दिवसभरात काय काय खातेस? पोरीने बोटांवर मोजले, "भाजी, लड्डू, टॉनिक, अँड देन चाय!" डॉक्टर हसल्याच. जेवणावर लगेच चहा घेतला, तर अन्नातले लोह अंगी लागत नाही.

"अहो, म्हणजे एका हाताने मी देत होते आणि दुसऱ्याने काढून घेत होते!" घरी येऊन सुनंदा कपाळावर हात मारून म्हणाली. चहावाचून माणूस परत पाठवायचे नाही, हा आमचा पिढीजात धर्म. तोच आडवा आला होता. पोरीचा चहा थांबला. तिला एकटे वाटू नये म्हणून माझाही तासभर पुढे गेला आणि मी कपाकडे नुसते पाहिले तरी एफुआ ओरडू लागली, "अंकल, चाय खलास!"

पुढच्या खेपेला आकडा दहाच्या वर होता, उन्हाळ्यापर्यंत अकराच्या. उणीव म्हणजे अभावच, असे आपण किती सहज धरून चालतो! कधी कधी ती नुसती गळती असते, आणि गळती शोधता येते.

आमा काम करायची ते दुकान मात्र मंदीत बंद झालेच. ती मुलीला घेऊन गावी निघाली, तेव्हा सुनंदाने तिला आमची कढई दिली. माझ्या काट्यावर बॅग जड भरली, तेव्हा आमाने नव्या उंच टाचांच्या चपला बाहेर काढल्या.

"अगं, तिकडे कढया मिळत नाहीत का?"

"मिळतात, सिस्टर. ही नाही मिळत."

आता ती गावच्या दवाखान्यासाठी आयांमध्ये हिंडते. मक्याच्या पेजेत शेंगदाण्याचे कूट, सुक्या मासळीची पूड आणि सावलीत वाळवलेला पाला कालवून दाखवते. नुसत्या पाल्याने भागत नाही, हे तिला पक्के ठाऊक आहे. हिवताप आणि जंतही रक्त खातात. म्हणून मच्छरदाणी आहे का, जंताचे औषध दिले का, हेही ती विचारते. आणि प्रत्येक आईला एक प्रश्न हमखास: चहा कधी देता? बाया हसतात म्हणे.

आज शुक्रवार. नव्या कढईत पाला चर्रकन पडला आहे, तोच गंध कॉरिडॉरकडे निघाला आहे. जेवून उठतो तोच फोन वाजतो. पलीकडे एफुआचा खणखणीत, दमदार आवाज. धाप कुठेच नाही.

"अंकल, चाय?"

"खलास," मी म्हणतो आणि भरलेला कप दूर सारतो.