बिघडली तेव्हा माझी

दारात बॅग टेकवून मी चप्पल काढत होते, तेवढ्यात हॉलमधून नवऱ्याच्या मित्राचा आवाज आला, "वहिनी, या वेळी बिअर फसली हं तुमची!"

पुण्याहून विमानाने आले होते, जेवणही झालं नव्हतं. पण त्या 'तुमची'ने माझं डोकंच फिरलं.

इथे परदेशात, सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये चार वर्षांपासून मी घरी बिअर करते. आठवडाभर ऑडिटचं काम आणि एखादा शनिवार बिअरचा. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, उकळायचं, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घालायची, गार झाल्यावर यीस्ट टाकायचं, दोन आठवडे आंबू द्यायचं आणि मग केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या उभ्या पिंपात भरायचं. तो केग एका जुन्या फ्रिजमध्ये असतो. त्यातून हातभर लांबीची प्लॅस्टिकची नळी निघते आणि फ्रिजच्या दाराला बसवलेल्या तोटीला लागते. हे सगळं मी करते. नवरा तोटी ओढतो. पण पाहुण्यांच्या हातात ग्लास देणारा तोच असल्यामुळे "काय बिअर केलीयस रे!" हे कौतुकही त्यालाच. तो हसतो. "मी नाही, ही करते," एवढं म्हणायला त्याला कधी सुचलं नाही. मीही कधी बोलले नाही, ही माझी चूक.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून मी तीन आठवडे पुण्याला गेले होते. निघताना एक केग तळाला आला होता, दुसरा भरून तयार होता. आदल्या दिवशी नवऱ्याला फ्रिजसमोर उभं करून सगळं सांगितलं. केग संपला की नळीत बिअर ठेवायची नाही. आधी साधं पाणी सोडायचं, मग नळी धुवायच्या पावडरचं पाणी भरून पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं, मग पुन्हा भरपूर पाणी. तोटी सुटी करून ब्रशने घासायची. नळी दोन्ही टोकं खाली सोडून लटकवायची, आत थेंब राहता कामा नये.

"इथल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते," मी म्हटलं. "कागदावर लिहून फ्रिजला लावलंय."

"अगं हो, कळलं. नळीच धुवायची आहे ना," तो म्हणाला.

आता हॉलमध्ये त्याचे तीन मित्र ग्लास बाजूला सारून बसले होते. मघाचाच मित्र म्हणाला, "आंबट लागतेय. आणि शिळ्या लोण्यासारखा वास."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मित्रांकडे बघत म्हणाला, "सांगितलं ना, या वेळची हिने केली होती, जायच्या गडबडीत. राहिलं असेल काहीतरी."

मी हात धुतले आणि सरळ फ्रिजपाशी गेले. माझा कागद जागेवरच होता. तोटीत बोट फिरवलं तर काळपट, बुळबुळीत काहीतरी बोटाला आलं.

"आधीचा केग कधी संपला?" मी विचारलं.

"तू गेलीस त्याच आठवड्यात."

"आणि हा कधी लावलास?"

"आज सकाळी."

"मग मधले दिवस नळी कुठे होती?"

"मागे. वॉशिंग मशीनपाशी. फ्रिजमध्ये जागा हवी होती."

"धुतली होतीस?"

"बाहेरून पुसली होती. आत बिअरच तर होती, मला वाटलं दारूत काय होतंय!"

मी कपाटातून माझी चव बघायची नळी काढली. छोटीशी, स्वतःची तोटी असलेली, धुऊन वाळवून पिशवीत बंद केलेली. घाण नळी काढून ती केगला जोडली, चार ग्लास भरले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिला. त्या मित्राने घोट घेतला, मग दुसरा.

"ही वेगळी आहे का?"

"हीच ती फसलेली. त्याच केगमधली."

तो हसला. "अरेच्चा! मग वहिनी, एवढं काय रागवायचं? नळीच तर होती!"

"मघाशी माझी बिअर फसली होती," मी म्हणाले, "आणि आता नळीच तर होती?"

नवरा ग्लासात बघत बसला.

मित्र गेल्यावर त्याला स्वयंपाकघरात फरशीवर बसवलं आणि नळीतून पावडरचं पाणी सोडायला लावलं. बादलीत तपकिरी पापुद्रे पडायला लागले, ते थांबेचनात. त्याचं तोंड उतरलं. "हे आम्ही प्यायलो?" तो म्हणाला. मला दया आली नाही. ती नळी मी कचऱ्यात टाकली आणि त्याला नवी आणायला पिटाळलं. तो मुकाट एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने जाऊन घेऊन आला.

येता येता मित्रांच्या ग्रुपवर त्याने लिहिलं होतं, 'नळीचा प्रॉब्लेम होता.' मला दाखवलं, शाबासकी मिळेल अशा आशेने. मी पुन्हा भडकले. नळीने काय केलं होतं? ती बिचारी मशीनपाशी पडून होती! "कोणी धुतली नाही ते लिही," मी म्हटलं, "आणि चार वर्षं बिअर कोण करतंय तेही."

त्याने माझ्यासमोर बसून लिहिलं. त्याच मित्राचं लगेच उत्तर आलं, 'सॉरी वहिनी. पण तुम्ही आधी बोलला का नाहीत?' म्हणजे हेही माझ्याच माथी. मी फोन उलटा करून ठेवला.

नवी नळी त्यानेच जोडली. मी शेजारी हाताची घडी घालून उभी होते. दोनदा चुकला, अंगावर फेस उडाला. मी मदत केली नाही.