जांभळाचा जॅम आणि आईचे दात

परवा जांभळाचा जॅम करत होते. गर साखरेत खदखदायला लागला, त्याचा तुरट-गोड वास घरभर झाला आणि मी एकदम ईट गावातल्या आमच्या घरात जाऊन पोचले.

तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. घराण्यातली कॉलेजला गेलेली पहिलीच, त्यामुळं तोरा होता आणि तो आजही आहे. कॉलेजची मैत्रीण पहिल्यांदाच घरी येणार होती. मिसरी लावून लावून काळे झालेले आईचे दात तिला दिसतील, एवढीच मला धास्ती. लिंबू-मिठानं दात पांढरे होतात, असं मी कुठंतरी वाचलेलं.

"घरगुती उपाय आहे, काही होत नसतं," मी आईला सांगितलं.

"तू शिकलेली. तुला ठाव असंल," म्हणत आई रोज न्हाणीत बसून दात घासायची. तिसऱ्या दिवशी चुळीत रक्त आलं. "लई झोंबतंय गं," ती म्हणाली.

"अजून दोनच दिवस," मी म्हणाले.

मैत्रीण आली. मी तिच्यासाठी केलेला जॅम आईनं बोटावर घेऊन चाखला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मावशी, आंबट झालाय का?" मैत्रिणीनं विचारलं.

"न्हाय गं बाई, लई ग्वाड केलाय पोरीनं," म्हणून आई हसली. हसताना तिनं तोंडावर पदर धरला.

पुढं जन्मभर ती तशीच हसली. त्याआधी आई मोकळ्या तोंडानं हसायची.