मदिहाचा मेलचा डबा

चाळीस वर्षं मी शाळेत शुद्ध मराठी शिकवली, पण डोकं तापलं की तोंडातून वऱ्हाडीच निघते, आणि डोकं माझं लवकर तापतं. आधीच सांगून ठेवतो. ही गोष्ट मदिहाची आहे, तिच्यात मी, चिंतामण गुरुजी, दोनदा तापलो आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती.

मदिहा म्हणजे आमच्या जळगाव जामोदच्या रज्जाकभाई पिंजाऱ्याची मुलगी. बाप गाद्या भरतो. मुलगी संगणकाचा डिप्लोमा करून आली आणि बापाच्या दुकानातच अर्ध्या जागेत दुरुस्तीचं टेबल टाकून बसली. मधे काचेचं दार, नाहीतर कापसाची धूळ यंत्रांत जाते. पुण्याला नोकरी का नाही धरली असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "गुर्जी, इथं काय कमी बिघडते का?"

आमचा कापूस उत्पादकांचा गट अकरा गावांचा आणि मी त्याचा चिटणीस. पूर्वी गटाचा मेल एका फुकट खात्यावर होता आणि ते खातं जुने अध्यक्ष किसनराव यांच्या मोबाईल नंबरावर. किसनराव वारले, नंबर बंद झाला, आणि आमची सात वर्षांची पत्रं आत अडकली ती अडकलीच. तेव्हा मदिहा म्हणाली, आपला मेल आपल्याच घरी ठेवू. तिनं गटाच्या खोलीत एक जुना संगणक मांडला, गटाच्या नावाचा पत्ता घेतला, अकरा गावांच्या प्रतिनिधींना वेगवेगळी खाती आणि वेगवेगळे पासवर्ड दिले. ती त्याला सर्व्हर म्हणायची, मी डबा म्हणायचो. दोन वर्षं डबा बिनबोभाट चालला.

मग ते बोंडअळीचं साल आलं. बीटी आहे, अळी शिरत नाही, असं ऐकून आम्ही सगळ्यांनी तेच बियाणं लावलेलं. दिवाळीनंतर पाहतो तर वरून वावर हिरवंगार आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी वळवळते. चौकशी समिती नेमली गेली. तिनं कळवलं की तक्रारी गटाच्या नोंदलेल्या मेलवरूनच घेऊ, सोबत बोंडाचे आणि बियाण्याच्या पिशवीचे फोटो हवेत, आणि शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर काही चालणार नाही. ज्याची तक्रार पोचली त्याच्याच वावराची पाहणी.

आमच्याकडे दोनशे चौदा अर्ज जमले. त्यात रुखमाबाईचा एक. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची आमची प्रतिनिधी, एकटी बाई, तीन एकरांची मालकीण. आजूबाजूच्यांनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून हरभरा पेरला होता. हिनं समितीला दाखवायला ती किडकी पऱ्हाटी तशीच उभी ठेवली होती. मला म्हणाली, "गुर्जी, समिती नाई आली तं माहा कापूसही गेला अन् हरभराही गेला." मी छातीवर हात ठेवून तिला शब्द दिला होता.

बुधवारी सकाळी मी पहिले वीस अर्ज पाठवले. वीसच्या वीस परत आले. माझं डोकं फिरलं. तसाच पिंजाऱ्याच्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर मदिहावर ओरडलो, "तुह्या डब्यानं घात केला. म्या म्हनलंच होतं, घरचा मेल कायले पाह्यजे?"

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. ओढणी नीट केली आणि गटाच्या खोलीवर आली. परत आलेलं एक पत्र तिनं उघडलं आणि मी जी इंग्रजी बाराखडी न वाचता सोडून दिली होती ती सावकाश वाचली. "गुर्जी, यात कारण लिवलं हाय. आपलं नाव काळ्या यादीत गेलं. आपल्या पत्त्यावरून कचरा जाऊन राह्यला."

मग तिनं डब्याची रोजनिशी काढली. कोण कधी आत आलं, काय पाठवलं, सगळं त्यात असतं. दोन दिवसांत आमच्या डब्यातून चाळीस हजार पत्रं गेली होती, वजन कमी करायच्या गोळ्यांची, आणि सगळी पंजाबरावांच्या खात्यातून. पंजाबराव म्हणजे शेजारच्या गावचे आमचे प्रतिनिधी, स्वतः सव्वाशे किलोचे. बिचारे घाबरून शपथा घ्यायला लागले. मदिहा म्हणाली, "काका, तुमी नाई. तुमचा पासवर्ड कोनाले तरी भेटला."

कसा भेटला, हे तिला दुपारी जेवताना कळलं. रज्जाकभाई मोबाईलवर कापसाचा भाव पाहत होते. तिनं तो मोबाईल जसाच्या तसा आणून माझ्यापुढे धरला.

गटाच्या वजनकाट्यापाशी एक फळा आहे. रोज सकाळी मी त्यावर कापसाचा भाव लिहितो, लोक फोटो काढतात आणि तो फोटो तासाभरात तालुकाभर फिरतो. आता प्रतिनिधी पासवर्ड विसरायचे आणि मला फोन करायचे. कंटाळून मी अकराही जणांना एकच पासवर्ड ठेवायला लावला, आणि विसरू नये म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. 'मेलसाठी', असं शीर्षक देऊन, खाली रेघ मारून. माझं अक्षर मोत्यासारखं आहे. त्या फोटोत एकेक अक्षर लख्ख दिसत होतं.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सकाळी मी तिला चारचौघांत बोललो होतो. ती मात्र एवढंच म्हणाली, "फळा पुसून या, गुर्जी. मंग कामाले लागू."

तिनं आधी डब्याची बाहेरची वाट बंद केली आणि रांगेत तुंबलेला कचरा काढून टाकला. मग अकरा जणांना दुकानात बोलावलं, एकेकाला काचेच्या दारामागे नेलं आणि ज्याचा त्याचा नवा पासवर्ड ठेवून घेतला. पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला डबा आता दारातूनच हाकलतो. आमच्या पत्रावर आमचाच शिक्का उमटेल आणि तो समोरच्याला तपासता येईल, अशीही सोय तिनं केली. राहिली ती काळी यादी. कचरा पाठवणाऱ्यांची नावं नोंदणाऱ्या अशा याद्या तीन होत्या. दोन यादीवाल्यांनी गुरुवारीच नाव काढलं. तिसरीवाले विचारत होते, हे कसं घडलं आणि आता काय केलं?

"तुमीच लिवा," मदिहा म्हणाली. "खरं खरं लिवा."

मी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत कबुलीजबाब लिहिला. फळ्यासकट. शुक्रवारी साडेअकराला तिसऱ्या यादीतून आमचं नाव निघालं.

आता धडाधड दोनशे चौदा अर्ज सोडायचे, असं मला वाटलं. मदिहा म्हणाली, तासाला चाळीसच. इथं मी दुसऱ्यांदा तापलो. "काऊन? सहाले दार बंद होते, अन् तू मोजून मोजून देऊन राह्यली?"

"एकदम सोडले तं पुन्हा तेच चोर समजतीन, गुर्जी. मंग सोमवारपर्यंत कोनी उघडनार नाई." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी बसलो. बाराला चाळीसही गेले नव्हते. दोनला शंभर झाले. प्रत्येक अर्जाची पोच परत येत होती आणि मी ती यादीवर खूण करून नोंदवत होतो. रुखमाबाईचा अर्ज एकशे अठ्ठ्याण्णववा. त्याची पोच आली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कापसाच्या धुळीनं आलं नव्हतं. पाच वाजून दहा मिनिटांनी शेवटची पोच आली. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. पंजाबरावांनी पेढे आणले आणि निम्मे स्वतः खाल्ले.

बाराव्या दिवशी समिती आली, आणि पहिलं वावर रुखमाबाईचंच. समितीच्या बाईंनी पोच पाहायला मागितली. रुखमाबाईचा मोबाईल पासवर्ड मागू लागला. मी सवयीनं हात पुढे केला. "आना इकडं, म्या टाकतो. सांगा काय हाय."

रुखमाबाईनं मोबाईल पदराखाली घेतला.

"नाई बापा. मदिहानं सांगतलं हाय, कोनालेच सांगायचा नाई. गुर्जीले तं बिलकुलच नाई."

अख्खं वावर हसलं. समितीच्या बाईही हसल्या. मदिहा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी होती, ती तोंडावर ओढणी धरून हसत होती. मीही हसलो, आणि शिक्षा झालेल्या पोरासारखा पाठ फिरवून उभा राहिलो. रुखमाबाईनं बोटानं एकेक अक्षर दाबून पोच उघडली, बाईंना दाखवली, आणि मग स्वतः पुढं होऊन त्यांना बोंडं फोडून दाखवली. पंचनामा झाला, सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं पऱ्हाटी उपटली आणि हरभरा पेरला.